उपरण्याखालचं घोडेगाव

बन्सी दरंदल्यांनी चाळीस वर्षं घोडेगावच्या बाजारात गायी-म्हशींची दलाली केली आणि एवढ्या काळात त्यांना त्या धंद्याची कधी लाज वाटली नाही. ती सोय पुढे त्यांच्या मुलाने केली. वरद पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करायचा. काय करतो ते बन्सींना कधी समजलं नाही, पण "पोरगं कॉम्प्युटरात हाय" असं ते छाती फुगवून सांगत. वडील कशात आहेत ते वरदला मात्र नीट ठाऊक होतं, म्हणूनच सासरी तो "बाबांचा डेअरी बिझनेस आहे, नगर साइडला" एवढंच सांगे.

त्याचे सासरे नृसिंह पटवर्धन बँकेतून निवृत्त झालेले. सासूबाई इंदूताई "आम्ही मूळचे पुण्याचेच" हे वाक्य नमस्काराच्या जागी वापरणाऱ्या. लग्न अर्थातच पुण्यात झालं. त्यानंतर दोन वर्षं गावाकडच्या घराचं काम चालू होतं, म्हणजे वरदच्या तोंडात चालू होतं. घराची एक वीट हलली असेल तर शपथ. नवल एवढंच, की मुलीचं सासर बघायला जाऊ असं इंदूताईंच्याही तोंडून कधी निघालं नाही.

मग दोन्ही घरांनी मिळून सहलीला जायची टूम सुनेने, मनवाने काढली. वरदला घाम फुटला. महाबळेश्वर नको, गोवा नको, काशी तर नकोच, नगर जिल्ह्यातला माणूस कुठे उगवेल याचा नेम नाही, आणि उगवला की "काय दलाल, म्हशी कुठं सोडल्या?" असं चारचौघांत ओरडल्याशिवाय राहायचा नाही. तिरुपतीच्या रांगेत हे एकदा झालं होतं. शेवटी सुंदरबन ठरलं. तीन दिवस एक छोटी लाँच, मोजके प्रवासी, चहूकडे खाड्या, चिखल, मगरी, आणि मोबाईलला रेंज नाही. बापाला लपवायला मुलाने याहून चांगली जागा शोधायची तरी कुठे?

"बाबा, बाजाराचं नाव काढायचं नाही," निघताना वरद म्हणाला, "आणि ते उपरणं घरीच ठेवा."

उपरणं घरी राहिलं नाही. मनकर्णाबाईंनी नवऱ्यासाठी ते शेंगदाण्याच्या चटणीच्या पिशवीत दडवून आणलं.

पहिले दोन दिवस बन्सी फार शहाण्यासारखे वागले. "गायी कोणत्या जातीच्या तुमच्या?" असं व्याह्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं आणि मग "दुधाच्या" म्हणाले. व्याह्यांनी मान डोलावली. वाघाने काही दर्शन दिलं नाही. त्यालाही बहुधा आपण काय करतो ते लपवायला सांगितलेलं असावं. कठड्याशी बसून बन्सी चिखलाकडे बघत राहायचे. उद्या नातवंडं झाली की त्यांनाही आजोबांची डेअरी होती असंच सांगतील, आणि शुक्रवारच्या बाजारात ज्याच्या शब्दावर दावणी रिकाम्या व्हायच्या तो बन्सी दलाल कधी नव्हताच असं होऊन जाईल, हे त्यांच्या मनातून जाईना. त्यांना फार वाईट वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी लाँच एका गावच्या धक्क्याला लागली. तिथे एक मधवाला बसला होता. व्याही पुढे सरसावले आणि भाव करू लागले. बँकेत उभं आयुष्य लोकांना नाही म्हणण्यात गेलेला माणूस. ते हिंदीतून जो आकडा म्हणायचे, त्यावर मधवाला नुसता हसायचा. बन्सींचे तळहात शिवशिवायला लागले. घोडेगावात भाव तोंडाने होत नाही. दलाल उपरण्याखाली समोरच्याचा हात धरतो, कोणतं बोट धरलं आणि कितीदा दाबलं यावर आकडा ठरतो, भोवतालची माणसं नुसती तोंडं बघत उभी राहतात. आत काय झालं ते बाहेर सांगायचं नाही, हा बाजाराचा नियम.

शेवटी राहवलंच नाही. बन्सींनी चटणीच्या पिशवीतून उपरणं ओढलं, मधवाल्याच्या हातावर टाकलं आणि त्याची बोटं धरली. मधवाल्याने किंचाळून हात सोडवला. सगळी लाँच बघायला लागली.

"हे काय हो?" व्याह्यांनी विचारलं.

"काही नाही, काही नाही," वरद घाईघाईने म्हणाला. "बाबांना नसांचा त्रास आहे. अधूनमधून हात असा आवळतो. डॉक्टरांनी झाकून ठेवायला सांगितलाय."

म्हणजे धंदा गेला होताच, आता तब्येतही गेली. बन्सींचे डोळे भरून आले आणि हात तसाच उपरण्याखाली राहिला.

तेवढ्यात इंदूताई पुढे आल्या. त्यांनी आपला हात सरळ उपरण्याखाली घातला, बन्सींचं एक बोट धरलं, दाबलं, सोडलं, मग दुसरं धरलं. बन्सी दचकले. मधाचा भाव होता, आणि बरोबर होता!

"विहीनबाई, तुमाला हे..."

"घोडेगावच्या बाजार समितीत पावत्या फाडायला देशपांडे भाऊसाहेब होते, आठवतात? त्यांची मी धाकटी. शाळा सुटली की खिडकीत बसायची. गोरक्षनाथ दलालांनी शिकवलं."

"गोरक्षनाना? आवो, मलाबी त्यांनीच शिकवलं!"

"इंदू," नृसिंहराव म्हणाले, "तू पुण्याची ना?"

"सासूबाई पहिल्याच आठवड्यात माझ्या 'व्हय'ला हसल्या, तेव्हापासून पुण्याची." मग त्या जावयाकडे वळल्या. "दरंदले आडनाव ऐकलं तेव्हाच मी ओळखलं होतं, वरद. तुमच्या घराचं काम किती दिवस चालणार, हे मी कधीच विचारलं नाही, ते काय उगाच? गावात मला कोणी ओळखलं असतं म्हणजे! पण वडिलांना आजारी पाडलंत, ते मात्र बघवलं नाही."

बन्सी आणि विहीणबाई उपरण्याखाली हात धरून उभे आहेत, हे बघून मधवाल्याने काय समज करून घेतला देव जाणे. त्याने आपणहून भाव उतरवला.

लाँच परत निघाली. मनकर्णाबाईंनी चटणी उघडली आणि इंदूताईंनी बोटाने चाटून खाल्ली. वरद बराच वेळ लांब उभा होता. मग येऊन वडिलांशेजारी बसला.

"बाबा, ते बोटांचं... कसं असतं?"

चाळीस वर्षांत बन्सींकडे कुणी उधार मागितलं नसेल इतक्या हळू आवाजात त्याने हे विचारलं.

"हात दे हिकडं," बन्सी म्हणाले.

वरदने सवयीने आजूबाजूला पाहिलं आणि हात पुढे केला. बन्सींनी त्यावर उपरणं टाकलं. आत त्यांनी कुठलंच बोट दाबलं नाही. लहानपणी बाजारातल्या गर्दीत धरायचे तसा सबंध हात घट्ट धरला आणि सोडलाच नाही.

"काय ठरलं मग?" व्याह्यांनी मान लांब करून विचारलं.

"ते भाईर सांगत नसत्यात, व्याही," बन्सी दलाल म्हणाले.