बॉनेटपाशी एक, स्टिअरिंगपाशी एक

भाऊसाहेबांचा फोन आला तेव्हा मी कर्जतला बहिणीकडे होते. "बाई, डॉक्टर आमच्या गोठ्यात जरा टेकले, ते उठलेच न्हाईत... लई शांत गेले वो." आमचे डॉक्टर जनावरांचे. निवृत्त झाल्यावरही घोडेगावच्या आसपास कुणाची गाय अडली की हे निघायचेच, त्या दिवशीही तसेच गेले होते. कालवड सुखरूप झाली, हेही भाऊसाहेबांनी आवर्जून सांगितलं. खोटं कशाला बोलू, त्याही घडीला मला ते ऐकून बरं वाटलं.

भेटायला येणारे त्यांच्या हातगुणाबद्दल बोलतात. मला मात्र ते आठवतात आमच्या जुन्या गाडीच्या बॉनेटमागे. मुलगा निखिल शाळेत असताना घेतलेली ही गाडी, हल्लीच्या गॅरेजमधला स्कॅनर तिला लागतच नाही. तिचं दुखणं समजून घ्यायची रीत निराळी. बॉनेटखाली बॅटरीजवळ एक छोटं सॉकेट आहे. त्यातली दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडायची आणि चावी फिरवायची, की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा उघडझाप करतो. आधी दशकाचा आकडा, जरा थांबून एककाचा. एक आणि चार म्हणजे चौदा, आणि चौदा म्हणजे इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर बिघडला. मी प्राथमिक शाळेतली बाई, सगळे कोड मला पाढ्यांसारखे पाठ. पण आमचं सॉकेट झालं होतं सैल. तार कुणीतरी धरून उभं राहायला हवं, आणि तिथून दिवा दिसत नाही. म्हणून हे बॉनेटपाशी आणि मी स्टिअरिंगपाशी. मधे उघडं बॉनेट. एकमेकांचं तोंड दिसत नसलं की नवरा-बायकोचं बरं जमतं, असं मी म्हणायचे, आणि पलीकडून "ते राहू दे, मोज" असं उत्तर यायचं.

एकदा मात्र जमलं नाही. गाडी काळा धूर ओकत होती. मी सांगितलं, चौदा. ह्यांना पटेना. भाऊसाहेब घरी आले होते, त्यांच्या हातात तार देऊन हे तरातरा माझ्याकडे आले, खिडकीतून डोकावले आणि म्हणाले, "एक्केचाळीस! उलटं मोजतेस तू." एक्केचाळीस म्हणजे पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीकडचा बिघाड. मग काय, तिकडचे सुटे भाग बदलून झाले, धूर जसाच्या तसा. शेवटी तार पुन्हा भाऊसाहेबांच्या हातात देऊन स्वारी मुकाट्याने माझ्या शेजारी येऊन बसली. दिवा प्रत्येक कोड पुन्हा पुन्हा दाखवतो. हे डोकावले होते ते मधेच, म्हणून त्यांना आधी चार दिसले आणि मग पुढच्या फेरीतला एक. "चुकलो गं," म्हणाले... आणि एवढ्यावर थांबतील तर ते डॉक्टर कसले! आपल्याच फजितीची गोष्ट गोठ्यागोठ्यात सांगत सुटले. "जनावर कालपासून खात नाही, हे मला नका सांगू. पहिल्यापासून सांगा. मधूनच बघितलं की दुखणं उलटं दिसतं," असं म्हणायचे. माणूस हट्टी होता, पण हट्ट सोडायलाही त्यांना लाज वाटत नसे. ह्यासाठीच मला ते फार आवडायचे.

ते गेल्यावर निखिल म्हणाला, "आई, गाडी काढून टाकू. तू पुण्याला चल." त्याची काळजी मला कळते. पण वस्तीवरच्या मुलींना मी अजून शिकवायला जाते, आणि गाडी गेली की माझं तिथलं जाणं संपलं, मग हळूहळू इथलं राहणंही. मी नुसतं "बघू" म्हणत राहिले. मागच्या आठवड्यात तो आलेला असतानाच नेमका इंजिनाचा दिवा लागला. "बघ, मी काय म्हणत होतो?" तो म्हणाला. मी त्याच्या हातात तार दिली.

"मला नाही येत यातलं काही."

"तू फक्त धर. मोजणार मी."

दोन... तीन. तेवीस. इंजिनात जाणाऱ्या हवेचा सेन्सर. निखिलने वाकून बघितलं तर त्याची वायर उंदराने कुरतडलेली. गावातल्या वायरमनने ती जोडली, जुना कोड पुसला जावा म्हणून बॅटरी थोडा वेळ सोडवून ठेवली. मग निखिल आपणहून पुन्हा बॉनेटपाशी जाऊन उभा राहिला.

"एक," मी म्हटलं. दिवा थांबला. "दोन."

"बारा म्हणजे काय गं?"

"म्हणजे काही दोष नाही."

हा कोड ह्यांनी आणि मी फारसा कधी पाहिलाच नव्हता. धडधाकट गाडीचं बॉनेट कोण उघडतं? दिवा आपला सांगत राहिला, एक आणि दोन, एक आणि दोन... माझे डोळे भरून आले.

"अजून धरू?" त्याने विचारलं.

"धर जरा."

त्याने धरलं. मग बॉनेटमागून आवाज आला, "आई, दिवाळीला पुण्याला गाडी घेऊनच ये. परत यायला तुझी तुला बरी."