मागच्या दाराची आशाताई

बाळंतिणीच्या घरी गेलं की आपण आधी बाळ बघतो. ही बाई आधी घराच्या मागे जायची. लाकडांच्या ढिगाआड, वळचणीला, पुरुषांची नजर पडणार नाही अशा जागी बाळंतिणीची फडकी वाळत घातलेली असतात. रक्त किती जातंय ते कळायला ही ती फडकी मोजायची, नाकाजवळ नेऊन वास घ्यायची. कोणी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "बाळाला बघाया समदे हायत. आईला कोण हाय?"

सूर्यमाळकडच्या पाड्यांवर आरोग्याच्या कामाला घरोघर फिरणारी ती आशाताई आणि मी खाली खोडाळ्याच्या बाजूच्या उपकेंद्रात नर्स. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील, ज्यांच्या शेजारी नुसतं उभं राहिलं तरी आपल्याला धाप लागते. तिचा चहा उभ्यानं. मीटिंगला खुर्ची दिली तर तिच्यावर रजिस्टर ठेवून ही दारात उभी. "बस ना गं बाई," मी वैतागून म्हणायचे.

"बसले का डोकं चालाया लागतं," हे तिचं ठरलेलं उत्तर.

एकदा तिनं एका घरामागून लालभडक फडकं ओढून आणलं आणि सासूला अशी झापली की ती बिचारी रडकुंडीला आली. तेवढ्यात म्हातारा सासरा पुढे झाला. "बाय, टावेल हाय माझा. पान खातो मी." ती जरा ओशाळली, पण माघार कसली घेते! "एवढं पान खाशील तर मरशील," असं त्यालाच सुनावून पुढच्या घरी गेली.

तिच्याच पाड्यावर एका पोरीचं सिझर झालं होतं. पहिलटकरीण, मुलगी झालेली. दहाव्या दिवशी सकाळी घरामागे एकही फडकं दिसेना. दुसरी कोणी निर्धास्त झाली असती. ही ओढ्याकडे पळाली. तिथं सासू फडकी धूत होती, ढीगभर. "वाईट रक्त हाय, जाऊ दे समदं," सासू म्हणाली. घरात पोरगी पांढरीफटक पडलेली, अंगात ताप.

हिचा फोन आला तशी मी मिळेल त्या गाडीनं वर गेले. सासू दार अडवून उभी होती. पलीकडच्या पाड्यावरच्या एकीची गर्भाची पिशवी अशाच रक्तस्रावात काढावी लागली होती आणि वर्षाच्या आत नवऱ्यानं दुसरी बायको आणली होती. "नेली का पिशवी काढतात," सासूचा एकच हेका.

मी समजावू लागले. सिझरनंतर इतक्या दिवसांनी असं लाल, गाठीगाठींचं रक्त जाणं धोक्याचं असतं. दवाखान्यात आधी सलाईन लावतील, रक्त देतील, पिशवी आकसायचं इंजेक्शन, जंतू मारायचं औषध देतील. सोनोग्राफीत आत काही राहिलेलं दिसलं तर साफ करतील, वेळ पडली तर आत फुगा घालून दाब देतील. पिशवी काढणं अगदी शेवटी, जीव वाचवायला. सासूनं त्यातलं फक्त शेवटचं ऐकलं.

तेव्हा ही पुढे झाली. "माझ्या लेकाची आण. पिशवी नाय काढणार."

असा शब्द द्यायचा तिला काय, मलाही अधिकार नव्हता. तिचा एकुलता एक लेक, भिवंडीला गोदामात कामाला. पण सासू दारातून बाजूला झाली. चादरीची डोली करून पोरीला रस्त्यावर आणलं, तिथून जव्हारला, तिथून नाशिकला. इंजेक्शनं झाली, रक्त चढवलं, तरी थांबेना. आतला टाका पिकून सुटला होता. पिशवी काढली आणि पोरगी वाचली.

त्यानंतर ही बाई सावरली नाही. बोलता बोलता लेकाला फोन लावायची, "जेवलास का, गाडीखाली नको येऊ." त्यानं उचलला नाही की पुन्हा पुन्हा लावत राहायची. "तुझ्यामुळे ती जिवंत आहे," मी कितीदा सांगितलं! "आण खोटी घेतली ना, ताई," एवढंच ती म्हणायची. शेवटी काम सोडून लेकाजवळ राहायला गेली. मला तिचा राग आला आणि तिच्यावाचून करमेनाही.

गेल्या महिन्यात ती पोरगी उपकेंद्रात आली. कडेवर मुलगी, नवरा बाहेर मोटरसायकलवर थांबलेला. आशाताई कुठं आहे म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं तशी ती बाकावर टेकली.

"ती खोटं बोलते, मला तवाच कळलेलं," ती हळूच म्हणाली. "तुमी शेवटचं सांगितलं ते मी आतून ऐकलेलं. पण मला जगायचं होतं. मी सासूला नाय सांगितलं. आशाताईला म्हणा, पाप लागलं तं निम्मं माझं."

मी नंबर लावला. लागला नाही. पोरगी बाकावरून उठेना. मुलीला या मांडीवरून त्या मांडीवर घेत म्हणाली, "ताई, परत लावा."