वंदी कॅन्सर पाळते

वंदना गेल्याचं धुळ्याहून नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी कळवलं, तेव्हा मी जळगावच्या पिंप्राळ्यात स्कूटरला किक मारत होतो. माझी चुलत बहीण. पुण्यात, प्रयोगशाळेचा जिना चढताना हृदय थांबलं. "बरं" म्हणालो आणि फोन ठेवून किक मारतच राहिलो… मग मीच नानांना परत फोन लावला.

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझं. मीठमसाला माझा, विज्ञान तिचं. गाठीतून सुटलेल्या कॅन्सरच्या पेशी रक्तातून कशा फिरतात, ते ती वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. लग्न नाही, सुट्टी नाही. फक्त दर हिवाळ्यात जळगावला आमच्या भरीत पार्टीला यायची. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचायचा मान तिचा.

तीन वर्षांपूर्वी ती पोचायच्या आत मी शेतात सगळ्यांना हसवत होतो. "आपली वंदी कॅन्सर पाळते! बाटलीत! रोज दूध पाजते!" सगळ्यांत जास्त मीच हसलो. ती आली, ओढणी खोचून बडगीपाशी बसली, तर आमची थोरली आत्या, अक्का, म्हणाली, "ऱ्हाऊ दे बेटा, तू नुसती बस." आणि बडगी ओढून घेतली. वंदीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नुकतेच धुतले होते.

"दादा, काय सांगितलंस रे यांना?"

सांगितलं. ती हसली. "दूध नाही रे पाजत."

मी सुटलो असं समजलो. अक्काला "थापा मारल्या" एवढंच सांगायचं होतं; भरीत गार होईल म्हणून राहिलं. पुढच्या हिवाळ्यात वंदीचं उत्तर आलं, "काम आहे रे." त्यापुढच्याही.

दहाव्याला अक्काने विचारलं, "पोर येवानी का बंद झाली रे?" मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच मीठमसाल्याशिवाय.

वंदीने मला एकदा व्हिडिओ पाठवला होता. मी न बघताच जोडलेले हात धाडले होते. हल्ली रोज बघतो. अरुंद नळीत एक पेशी येते, अडकते, लांबते, कशीबशी निसटते. मागून वंदीचा आवाज, लहानपणीच्या अहिराणीत: "दादा, हाई एकली शे. एकल्या पेशी रगतमा जास्त टिकतस नही… समजनं का? नही समजनं ते फोन कर."