अमीनाची अस्सल उर्दू

पेडगावच्या स्टेशनात गाडी जेमतेम थांबते. मी पुण्याला निघालो त्या दिवशी मला चढवायला दोघं आले होते, दादा म्हणजे माझे वडील, आणि आमच्या शाळेचे मौलवीसाहेब. दादांच्या हातात भाकरीचं गाठोडं, मौलवीसाहेबांच्या हातात माझी पत्र्याची पेटी. मास्तरांनी आपली पेटी उचलावी याची मला लाज वाटली, पण ते काही सोडीनात. दादा एवढंच म्हणाले, "जायलास तर जा बाबू, पन लिहीत जा. वाचून दाखवायला हे हायतच."

दादांना अक्षर येत नव्हतं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून. मला उर्दू आधी आली आणि मराठी वाचणं मागून, घरच्या घरी. म्हणून आमच्या घरचं पत्र असं निघायचं: दादा ओसरीवर बसून मराठीत सांगणार, मौलवीसाहेब ते उर्दूत उतरवणार आणि शेवटी स्वतःची एक ओळ दुआ घालणार. पुण्यात मी ते वाचताना त्याची पुन्हा दादांची मराठी व्हायची. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्यांना हा उलटापालटीचा धंदा सांगायला नको.

पुण्यात एका छापखान्यात शाई पुसायचं काम मिळालं. तिथं रहस्यकथा लिहिणारे एक लेखक यायचे. त्यांचा खलनायक मोगलाईतला, म्हणजे आमच्या निजामाकडचा, आणि तो दर पानावर "खामोश" म्हणून ओरडायचा. एकदा माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, आमच्याकडं असं कुणी बोलत न्हाई. आमचा अमीन, म्हणजे तुमचा फौजदार, लय हळू बोलतो. म्हणून तर भ्या वाटतं."

लेखक खूश. म्हणाले, मग तूच लिहून दे अस्सल उर्दू. मालकांना सांगून तुला मुद्रितं तपासायला बसवतो. शाईतून सुटायचं होतं मला. बसलो लिहायला, तर काय! अमीनाला मी लांबूनच पाहिलेलं. जवळून ऐकलेली उर्दू एकाच माणसाची होती.

मौलवीसाहेबांची मारायची एक रीत होती. छडी घेऊन म्हणायचे, "हाथ लाओ मियाँ, दर्द हमें भी होता है." मग छडी तळहातावर नुसती टेकवायचे आणि पुढचा धडा. अख्ख्या शाळेनं ती छडी खाल्ली आणि लागली कुणालाच नाही. तेच वाक्य मी अमीनाला दिलं. लेखकांनी त्याच्या हातात सांडशी दिली आणि माणसाची नखं काढायला लावली. पुस्तक धडाधड खपलं. पुण्यातली पोरं एकमेकांना म्हणायला लागली, हाथ लाओ मियाँ. प्रस्तावनेत माझं नाव छापलं, अस्सल उर्दूबद्दल आभार म्हणून. मला मुद्रिताचं टेबल मिळालं.

आणि माझा शहाणपणा बघा, मी त्याची एक प्रत कौतुकानं घरी पाठवली.

देवगाव फाट्याकडचे आमचे मेव्हणे तेव्हा पेडगावला आले होते. त्यांना मराठी वाचता यायचं. पुढचं त्यांनीच मला कार्डावर कळवलं. ओसरीवर सगळे जमले, मौलवीसाहेबही होते. माझं नाव वाचलं तेव्हा दादा लय खूश. मग ते पान आलं. वाक्य वाचून झालं आणि अख्खी ओसरी मौलवीसाहेबांकडं बघायला लागली, कारण बसलेल्यांत निम्मे त्यांच्या हाताखालून गेलेले. मौलवीसाहेब उठले, टोपी नीट केली आणि घरी गेले.

नंतर घरचं पत्रच येईना. कारण सोपं होतं; लिहिणारे मौलवीसाहेबच. मी तीन पत्रं पाठवली. तिसऱ्यात मौलवीसाहेबांची माफी मागितली, पण तीही त्यांनीच दादांना वाचून दाखवायची होती. त्यांनी लेखणी खाली ठेवली असेल तर आपलं घर तुटलं, हे मला टेबलाशी बसून स्वच्छ दिसत होतं. 

शेवटी एकदाचं पाकीट आलं. अक्षर त्यांचंच. मजकूर दादांचा होता: ज्यानं तुला वाचायला शिकवलं त्याला तू कसाई केलास, आम्हाला मान वर करता येत नाही, आता इकडं येऊ नको. स्वतःबद्दलची ही वाक्यं त्या माणसानं दादांच्या समोर बसून, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहिली होती. वाचताना मी रडलो, ते सांगायला आता लाज नाही. खाली दुआच्या जागी त्यांची ओळ होती: "तुम्हारे वालिद ने इससे बहुत सख़्त लिखवाया था, मैंने कम लिखा है. दिवाली में आ जाओ."

मी गेलो. ते वाक्य पुढच्या आवृत्तीत काढा म्हणून लेखकांच्या पाया पडलो, पण ते राहिलंच. लोकांना तेच आवडायचं. मोगलाई गेली, मी पुण्याचाच झालो, नातवंडं माझ्या बोलण्याला हसतात. पण दादांनी त्या दिवशी खरं काय काय सांगितलं होतं, ते मौलवीसाहेबांनी मला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. आपल्यावरचा राग कुणीतरी थोडा कमी करून लिहितं, त्या जागेला मी घर म्हणतो.