लाल ओळी

सेलूकडच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात जाण्याआधी त्यात उचललेला मजकूर नाही ना, हे सॉफ्टवेअरनं तपासायचं आणि दाखल्यावर सही करायची, हे माझ्याकडे असतं. दुसरीकडे छापलेल्या मजकुराशी जुळणाऱ्या ओळी पडद्यावर लाल होतात.

त्या दुपारी रोहण्याकडची एक विद्यार्थिनी माझ्याशेजारी बसली होती. रानभाज्यांविषयी आदिवासी बायकांना असलेली माहिती हा तिचा विषय. पहिली प्रकरणं नीट पार पडली. चौथं उघडलं आणि पानामागून पान लाल होत गेलं. जुळणारा लेख मी शोधून काढला. नुकताच छापलेला होता. लेखक तिचेच मार्गदर्शक.

तिचा चेहरा उतरला. "मॅडम, हे माह्यंच लिहिलेलं हाये. सरांले वाचाले धाडलं होतं." मग एका ओळीवर बोट ठेवून ती थांबली. "हे तर माह्या मावशीचं बोलणं हाये. सरांनी तिले पाह्यलं तरी हाये का?"

लेखात लिहिलं होतं, 'प्रस्तुत लेखकाशी झालेल्या संभाषणात.'

मी सरांना फोन लावला. ते लगेच खाली आले, दार लोटून घेतलं आणि अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "तेवढा एक लेख तपासणीतून वगळा. सोय आहे ना त्यात? पोरीचा प्रबंध आजच जाईल. नाहीतर चोर तीच ठरेल."

सोय होती. एका क्लिकचं काम. आणि ते म्हणत होते ते खोटंही नव्हतं. अहवाल तसाच गेला तर आधी संशय तिच्यावरच येणार होता. सर हलेनात. मी तिच्याकडे वळले. "तुझं काय म्हणणं आहे?"

तिनं मावशीच्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. म्हणाली, "नका काढू. लाल राहू द्या."

सर निघून गेले. मी अहवाल होता तसा प्राचार्यांकडे नेला.

चौकशी लांबली. समितीपुढे तिनं मोबाइलवरची ध्वनिमुद्रणं ऐकवली: प्रश्न विचारणारी ती, उत्तर देणारी मावशी. नियतकालिकानं लेख मागे घेतला. तिला नवे मार्गदर्शक मिळाले, पण वर्ष वाया गेलं. सर अजून कॉलेजातच आहेत. मी समोर आले की जिना बदलतात, आणि खरेदी समितीवर तेच असल्यानं ग्रंथालयाच्या खरेदीच्या फायली त्यांच्या टेबलावर अडकून राहतात.

शेवटी बांधलेला प्रबंध घेऊन ती आली, तेव्हा मावशी सोबत होती. "कोणत्या कपाटात ठेवसान?" मावशीनं विचारलं.

"एक प्रत कपाटात. बाकी इंटरनेटवर. कोणालाही वाचता येईल."

"कोणालेबी?"

"हो."

मावशी माझ्याकडे रोखून पाहत राहिली. "मंग पुन्हा कोणी आपल्या नावावर छापलं त?"