सहाव्या सिंहाची चौकशी

सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मिस्त्री म्हणून मला अठरा वर्षं झाली होती, तेव्हा एका सकाळी मॅनेजरनं मला बोलावून एका सौदी माणसासमोर उभं केलं. माणूस पंचेचाळिशीचा असावा, ताठ, मिशा बारीक कातरलेल्या. "हा आजपासून तुझ्याकडे काम शिकेल," मॅनेजर म्हणाला. सौदीकरणाची, म्हणजे परदेशी माणसं काढून सौदी घ्यायची, यादी आमच्या खात्यापर्यंत पोहोचली होती. ज्याला मी शिकवणार तोच पुढे माझ्या जागेवर बसणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तो फौजेतून निवृत्त झालेला, तिथे वायरलेसवर होता. हातात पाना कधी धरला नव्हता. पण वहीपेन घेऊन वेळेवर यायचा आणि मला 'मुअल्लिम' म्हणायचा. तिकडे मिस्त्रीलाही मुअल्लिम म्हणतात आणि गुरुजींनाही. मी रत्नागिरीच्या खाडीकाठचा, दहावीनंतर आयटीआय केलेला माणूस. मला गुरुजी म्हणणारा हा पहिलाच. तरी मी त्याच्याशी जेवढ्यास तेवढाच वागत होतो. विचारेल त्याचं उत्तर द्यायचं, न विचारलेलं आपणहून सांगायचं नाही.

दुपारच्या सुट्टीत तो कॉम्प्रेसर रूमबाहेरच्या बाकावर बसून मोबाईलवर काहीतरी बघत असे. एकदा जवळून जाताना मला गुरगुरणं ऐकू आलं.

"मुअल्लिम, जरा बस," तो म्हणाला. "हा इंग्रज काय सांगतोय? मला अर्धंच कळतं."

दक्षिण आफ्रिकेतल्या सहा सिंहांची ती फिल्म होती. मापोगो म्हणत त्यांना. सगळे नर. एकत्र राहून त्यांनी एवढा मोठा मुलूख ताब्यात घेतला होता की बघणारे थक्क झाले. मी इंग्रजी ऐकून माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगायचो, अडलं की हातवारे करायचो. म्हैस कशी पाडली, दुसऱ्यांच्या कळपात घुसून बछडी कशी मारली, हे सांगताना माझाच घास हातात राहिला. दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्याबरोबर मीच बाकावर जाऊन बसलो.

त्यातले पाच जण एकाच कळपात जन्मलेले. सहावा बाहेरचा. वयानं थोडा मोठा, कुठून तरी एकटा भटकत आलेला. त्याला पाचांनी हाकललं नाही. का नाही, हे फिल्मवाल्यालाही नीट ठाऊक नव्हतं, आणि त्यावरच आमचा वाद जुंपला.

"शिकार त्यानंच शिकवली असणार त्यांना," तो म्हणाला. "मोठा होता ना."

"शिकवल्यावर मग ठेवून का घेतला? काम झालं की खलास."

मी हे बोलून गेलो आणि माझं मलाच ऐकू आलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. चहाचा कप तेवढा माझ्याकडे सरकवला.

सिंहांपायी आम्ही बरंच काही शोधून काढलं. फार पूर्वी अरबस्तानातही सिंह होते असं तो म्हणाला. अरबीत सिंहाला इतके शब्द आहेत की त्याला बोटांवर मोजता येईनात. तो एकेक शब्द म्हणू लागला आणि मी चमकलो. माझ्या कॅम्पमधल्या खोलीत आम्ही चार जण होतो, सगळे कोकणातले मुसलमान. त्यातल्या तिघांची नावं त्या शब्दांत होती. तिसरं माझंच! पन्नाशीला आलो तरी मला माझ्या नावाचा अर्थ माहीत नव्हता. संध्याकाळी खोलीत सांगितलं तर चौथा रुसला. बिचाऱ्याच्या नावाचा अर्थ 'नम्र' असा निघाला.

त्या सिंहांचं पुढे काय झालं, हे मला जास्त छळायचं. नव्या नरांची टोळी आली, मारामाऱ्या झाल्या, एकेक जण कमी होत गेला. शेवटी दोघंच उरले, ते भटकत कुठेतरी निघून गेले आणि मग कुणाला दिसलेच नाहीत. त्या दोघांत तो सहावाही होता.

"मग उरलं काय त्यांचं?" मी विचारलं.

त्यानं बरंच शोधलं. चार दिवसांनी सांगितलं, "मुली. त्यांच्या मुली तिथल्याच कळपांत राहिल्या म्हणतात. त्यांची पिल्लं आहेत."

आणि मग त्याच्या परीक्षेचा दिवस आला. दम्मामहून एक इंजिनिअर आला. त्यानं मुद्दाम सेटिंग बिघडवून कॉम्प्रेसर चालू केला आणि विचारलं, "काय चुकतंय?" आतून बारीक ठकठक येत होती. वायूऐवजी पातळ अमोनिया परत येतोय, याचीच ती खूण. आठवड्यापूर्वी हीच ठकठक माझ्या आधी त्यानं ओळखली होती.

तो मशिनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माहीत नाही."

नापास. मॅनेजर मला म्हणाला, "अजून सहा महिने थांब. या खेपेला नीट शिकव." मला मुदत मिळाली होती, तरी माझे कान तापले. नीट शिकव! दोन दिवस मी त्या बाकाकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी तोच आला.

"तुम्हाला येत होतं," मी म्हणालो.

"येत होतं."

"मग? माझ्यावर दया आली?"

"नाही. तुझ्या कानात अजून काय काय आहे ते मला ठाऊक नाही. तू गेल्यावर मी कुणाला विचारू?"

"पण त्यांना वाटलं मी शिकवलंच नाही. अठरा वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं."

त्याचा चेहरा उतरला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तसाच उठला आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. दार बंद होतं, तरी मॅनेजरचा आवाज वर्कशॉपपर्यंत येत होता. बाहेर आला तेव्हा हसत होता. "उत्तर येत असून दिलं नाही, हे सांगून टाकलं. शिव्या मिळाल्या. पण सहा महिने कायम आहेत. तू चांगला मुअल्लिम आहेस असं त्याच्याकडून वदवून घेतलं."

मला हसू आलं नाही. कारण मी खरोखरच काही गोष्टी मागे ठेवल्या होत्या. चेंबर नंबर चारचा जुना व्हॉल्व्ह कुठल्याच मॅन्युअलप्रमाणे वागत नसे. त्याला पाऊण फेरा उघडून थांबायचं, पाइपवर कपाळ टेकवून थरथर बघायची, मग बाकीचा उघडायचा. हे मला एका म्हाताऱ्या पाकिस्तानी फोरमननं शिकवलं होतं आणि मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते फक्त माझ्याकडे असेपर्यंत मला काढणार नाहीत, असं वाटायचं.

त्याच दुपारी मी त्याला चार नंबरला घेऊन गेलो. "कपाळ टेकवा," म्हटलं. त्यानं डोक्यावरचा रुमाल मागे सारून कपाळ टेकवलं. बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला.

"हे वहीत कसं लिहू?" त्यानं विचारलं.

"लिहू नका. रोज टेकवा."

सहा महिन्यांनी तो पास झाला. माझ्या पासपोर्टवर कायमचं परत जाण्याचा शिक्का बसला. कंपनीची गाडी सोडायला येणार होती, पण त्यानं ती परत पाठवली आणि स्वतः मला दम्मामला घेऊन गेला. सरळ, वाळूतला, पाच तासांचा रस्ता. वाटेत एका ठिकाणी आम्ही कबसा, म्हणजे तिकडचा मटणभात खाल्ला, एकाच ताटात. फार बोललो नाही. त्यानं माझ्या घरच्यांची चौकशी केली, खाडी म्हणजे नक्की काय ते विचारलं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा गावात येतं आणि परत जातं, यावर त्याचा विश्वास बसेना.

विमानतळावर त्यानं माझी बॅग उतरवली आणि गळाभेट घेतली. मी रांगेत उभा राहिलो. आत जाणार तेवढ्यात त्यानं काचेपलीकडून हाक मारली. लोक वळून बघू लागले.

"मुअल्लिम! थंडीत कॉम्प्रेसरचं तेल किती दिवसांनी बदलायचं? तेच विचारायचं राहिलं!"

मी रांग सोडून मागे आलो आणि त्याला नीट समजावून सांगितलं.