गळ्यापर्यंत गरम पाणी

"कारणं नंतर सांग, आधी गाडी काढ."

हे वाक्य काकू दारात चपला घालून, तयार उभ्या राहूनच म्हणायच्या. अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. मुलगा-सून दोघं ऑफिसला, आणि मी घरून काम करणारी, म्हणजे काकूंच्या मते रिकामीच. माझी मीटिंग चालू असली तरी बाहेरून काचेवर टकटक. तुमच्याही शेजारी असेल असं एखादं माणूस. आपण चिडतो, कुरकुरतो आणि मुकाट किल्ली उचलतो.

एकदा माझ्या फोनवर त्यांनी एक फोटो पाहिला. दगडी कुंड, वर वाफ, मागे बर्फ. चार तासांवर, डोंगरात, एक जपानी आजीबाई त्यांच्या रीतीचं छोटं हॉटेल चालवत होत्या. जमिनीवर गाद्या आणि झऱ्याच्या गरम पाण्यात सगळ्यांची एकत्र अंघोळ.

"गळ्यापर्यंत पाणी येतं?" काकूंनी विचारलं.

"येतं की."

"अगं, जन्मभर एका बादलीत उरकलंय. त्यातही कुणीतरी दार वाजवणारच. दूध उतू चाललंय, पोरगं रडतंय, ह्यांचा टॉवेल सापडत नाही. भारतात परत जायच्या आधी एकदा मला गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायचंय. दार न वाजता."

मी कारणं सांगायला सुरुवात केली. पुढचं वाक्य तुम्हाला ठाऊक आहेच.

बुकिंगच्या फॉर्मवर प्रश्न होता, अंगावर टॅटू आहे का? मी बेधडक 'नाही' ठोकून दिलं. बहात्तर वर्षांच्या बाईला कसला आलाय टॅटू!

वाटेत मी चाचरत सांगितलं, "काकू, तिथं सगळे कपडे काढून उतरावं लागतं हं. बायकांचं वेगळं असतं, पण तरी..."

"मग? तू काय कपड्यांनिशी अंघोळ करतेस?"

पोचलो. चहा आला. पेला घ्यायला काकूंनी हात पुढे केला आणि आजीबाईंची नजर मनगटाच्या वर अडली. हिरवट पडलेलं तुळशीवृंदावन, त्याखाली पाच ठिपके. ते गोंदण मी रोज बघत होते हो! पण गोंदण म्हणजे टॅटू, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

आजीबाई अदबीनं म्हणाल्या, आमच्याकडे गोंदलेल्या अंगानं सगळ्यांच्या पाण्यात उतरत नाहीत, पूर्वी ती गुंडांची खूण असायची. त्यांनी कातडीच्या रंगाची एक पट्टी आणली. एवढी लावली की झालं.

मी ते मराठीत सांगितलं.

"मी गुंड दिसते का, विचार तिला."

"काकू, प्लीज. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही लावणार."

"चार तास ड्राइव्ह केलंय मी!" माझा आवाज चढला. आठवलं की अजून लाज वाटते.

काकूंनी ठिपक्यांवर तळहात ठेवला. "मी नऊ वर्षांची, अक्का बाराची. जत्रेत दोघींनी एकदमच गोंदून घेतलं. मी रडत होते, तिनं माझा दुसरा हात धरलेला. पुढच्या वर्षी अक्का तापानं गेली. तिचा एक फोटो नाही गं माझ्याकडे. आहे ते एवढंच. तिला झाकून मी डुंबत बसू? नको मला ते पाणी. चल, गाडी काढ."

'गाडी काढ' म्हणताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच पडला होता.

मी सगळं आजीबाईंना सांगितलं. त्यांनी ती पट्टी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "नियम मला मोडता येत नाही. पण पहाटे पाचला, पाहुणे उठायच्या आत, कुंड साफ करायला मी उतरते. तेव्हा ते सगळ्यांचं नसतं."

पहाटे आम्ही गेलो. पाण्यात उतरण्याआधी बुटक्या स्टुलावर बसून अंग धुवायचं असतं. आजीबाईंनी काकूंची पाठ चोळली. काकूंनी त्यांच्या हातातून कापड काढून घेतलं. "आता तू वळ." हे भाषांतर मला करावं लागलं नाही.

मग काकू पाण्यात उतरल्या. गुडघे, कंबर, खांदे, गळा. आजीबाई बाहेर जाऊन दाराशी बसल्या. काकूंनी डोळे मिटले, गोंदणाचा हात पाण्याखाली दुसऱ्या हातात धरला आणि हळूच म्हणाल्या, "अक्के, बघ गं." मी कोपऱ्यात बसून खुशाल रडून घेतलं. तिथं सगळ्यांचेच चेहरे ओले असतात.

त्या भारतात परत गेल्या. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलानं दार वाजवून काकू गेल्याची बातमी सांगितली.

त्याच शनिवारी मी एकटीनं गाडी काढली. कुणाला कारण सांगितलं नाही. आजीबाईंनी माझ्या मागे पाहिलं. मग स्वतःच्या हातावर बोटानं पाच ठिपके काढून माझ्याकडे बघत राहिल्या. मी 'नाही' अशी मान हलवली.

पहाटे पाचला त्यांनी मला उठवलं, कुंडाचं दार उघडून दिलं आणि स्वतः बाहेर बसल्या. मी गळ्यापर्यंत पाण्यात बसले. खूप वेळ बसले. कुणीही दार वाजवलं नाही.